नानांचा दिवा आणि माझा कॉम्प्युटर

आमच्या घरात कोणतीही नवी वस्तू आली, की तिला आधी दिव्याची परीक्षा द्यावी लागे. देवघरातल्या दिव्याची नव्हे. तो आईच्या ताब्यात होता आणि स्वभावाने गरीब होता. हा दिवा नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. शंभर वॉटचा पिवळा बल्ब, एका लाकडी पाटीवर होल्डरमध्ये उभा, अंगावर वार्निशचे शिंतोडे. दिसायला अगदी सामान्य. पण पारनेर आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या कित्येक मोटारींचं भवितव्य त्याने ठरवलं होतं, आणि एका बाजारच्या दिवशी माझंही तोच ठरवायला बसला होता.

आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक फुलाफुलांचा पडदा. शेतकरी विहिरीवरची जळालेली मोटार घेऊन येत. नाना तिच्या पोटातली काळी पडलेली तार उपसून काढत, नवी तांब्याची तार भरत, वार्निश पाजत आणि उन्हात वाळवत. पण वाळल्यावर लगेच लाईनवर लावायची नाही. आधी वीज दिव्यातून न्यायची आणि मग मोटारीत सोडायची. मोटारीत कुठे शॉर्ट असेल तर मोटार जळत नसे, दिवा भकभकून पेटे. मोटार धड असेल तर दिवा मंद राही, नव्या सुनेसारखा मान खाली घालून. दिवा मंद राहिला, की शेतकरी समोरच्या हॉटेलात चहा सांगे. भकभकून पेटला, की चहा नानांना सांगावा लागे.

नानांनी हा नियम दुकानापुरता ठेवला नव्हता. मिक्सर आला, दिव्यावर. इस्त्री आली, दिव्यावर. मामाने दिलेला टेबल फॅन आला, तो तर दिव्यावर इतका मंद फिरला, की आई म्हणाली, "ह्यानं माशी बी उडायची न्हाई." टीव्ही तेवढा सुटला, कारण तो आला त्या दिवशी नाना सुप्याला गेले होते आणि दुकानदार स्वतः येऊन जोडून गेला. नाना आठवडाभर त्या टीव्हीकडे संशयाने बघत होते. मोठ्या बहिणीला बघायला मुलगा आला, तेव्हा नाना त्यालाही पाटीवरच्या दोन तारा जोडून बघतात की काय, अशी आईला खरोखर धास्ती वाटली होती.

या नियमाला कारण होतं. फार पूर्वी, माझ्या जन्माच्याही आधी, एका गिऱ्हाइकाच्या घाईपायी नानांनी दिवा न लावता एक मोटार थेट लाईनवर दिली. ठिणगी उडाली, शेजारच्या वार्निशच्या डब्याने पेट घेतला आणि दुकानाचा अर्धा पत्रा काळा झाला. तेव्हापासून नानांनी आयुष्यात एकही नवी वस्तू थेट लावली नाही. आणि मला दुकानातली पक्कडही हातात धरू दिली नाही.

मला तर लहानपणापासून त्या दुकानातच बसायचं होतं! इतर मुलींना काय काय व्हायचं असतं. मला शटरजवळच्या टेबलामागे बसून "उद्या या" असं म्हणायचं होतं. नाना हे वाक्य इतक्या ऐटीत म्हणत, की राजेसाहेब दरबार बरखास्त करताहेत असं वाटे.

बी.एस्सी. झाल्यावर मी नगरला कॉम्प्युटर हार्डवेअरचा कोर्स केला. रोज एसटीने जायचं, एसटीने यायचं. तेव्हा घरी कॉम्प्युटर घेणं म्हणजे सुटे भाग आणून जोडून घेणं. त्याला सगळे 'असेंबल्ड' म्हणायचे आणि म्हणताना आवाज जरा खाली आणायचे, जणू काही दुसऱ्याच्या शेतातून ऊस आणलाय. कोर्स संपला तशी मी नानांना म्हणाले, "मला दुकानात बसू द्या. शटरजवळचं टेबल द्या. तुम्ही मोटारी बघा, मी रेडिओ, मिक्सर, कॉम्प्युटर बघते."

"न्हाई," नाना म्हणाले. ते कॉइलला टेप गुंडाळत होते. मान वर केली नाही.

"का पण?"

"डी.एड.चा फॉर्म आनलाय. भर. मास्तरीन व्हय. खडूचा करंट बसत न्हाई कुनाला."

मी तीन दिवस जेवताना बोलले नाही. माझ्यासारख्या बडबडीला हे उपोषणापेक्षा कठीण होतं. चौथ्या दिवशी नाना स्वतःच म्हणाले, "तू शिकलीस म्हनतीस ना? मग घरात एक कॉम्प्युटर तुझ्या हातानं जोड. सामानाचं पैसं मी देतो. पहिल्या झटक्यात चालू झाला, तर टेबल तुझं. न्हाई झाला, तर फॉर्म भरायचा आनि पुन्हा दुकानाचं नाव काढायचं न्हाई."

"कबूल," मी म्हणाले आणि चपातीचा एवढा मोठा घास घेतला, की ठसका लागला.

सामान महिनाभर येत राहिलं, नगरहून, माझ्याच मांडीवर बसून. मॉनिटर तर एखाद्या तीन वर्षांच्या गुबगुबीत पोरासारखा मांडीवर होता. कंडक्टर म्हणाला, "ताई, ह्याचं हाफ तिकीट लागंल." मी म्हणाले, "तीन वर्षांच्या आतला आहे." भाळवणीपर्यंत तो हसत होता. तिकीट मात्र त्याने फाडलंच.

घरी आल्यावर प्रत्येक वस्तू ठेवायची कुठे, हे आई ठरवायची. मदरबोर्ड धान्याच्या कणगीवर गेला, कारण तिथे मांजर चढत नसे. रॅमची पट्टी तिने स्वतःच्या दागिन्यांच्या डबीत नथीशेजारी ठेवली. "एवढीशी हाय, हरवंल," ती म्हणाली. मला वाटतं, नथीलाही तेवढीच सोबत झाली.

जोडायला मी दोन दिवस घेतले. मागच्या खोलीत, कॉटवर चादर पसरून. स्क्रू पोह्यांच्या वाटीत. एका वाटीत लहान, एकीत मोठे. त्या दोन दिवसांत नानांना फार तहान लागली. दर अर्ध्या तासाने पडदा सरकवून माठाकडे यायचे, पेला भरायचे आणि माझ्या हातांकडे बघत पाणी प्यायचे. सातव्या पेल्याला आई म्हणाली, "अवं, माठच न्या की दुकानात." नाना पेला उपडा ठेवून गेले. पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

मग तो बाजारचा दिवस उजाडला. सकाळी दहाचा सुमार. मागच्या खोलीतल्या टेबलावर कॉम्प्युटर मांडला होता. आईने मॉनिटरच्या कपाळावर हळदीकुंकू लावलं आणि हातात नारळ घेऊन उभी राहिली. "चालू झालं की दारात फोडीन," ती म्हणाली, "आत पानी नको उडायला." नानांनी दुकानातून दिव्याची पाटी आणली. तो दिवा त्या दिवशी पहिल्यांदा पडद्याच्या आत आला. नानांनी तो दोन्ही हातांत असा धरला होता, की पाठीमागे वाजंत्रीच हवी होती.

वाजंत्री नव्हती, पण वऱ्हाड होतं. दोन माणसांचं. एक आमचे शेजारी चाचा. लग्नांची व्हिडिओ शूटिंग करायचे. नवरानवरीच्या फोटोभोवती उडती फुलं आणि फिरते बदाम कॉम्प्युटरवर करता येतात, असं त्यांनी ऐकलं होतं, त्यामुळे माझ्या यशात त्यांना माझ्याइतकाच रस होता. दुसरे एक मामा. आमचे सख्खे नव्हेत, पण सगळं गाव त्यांना मामा म्हणे. त्यांची पाच एचपीची मोटार दुरुस्त होऊन शटरजवळच्या टेबलावर पडली होती. मोटार घ्यायला आले आणि नाना पडद्याआड गेलेले पाहून, बाजाराच्या पिशवीसकट, तेही मागोमाग आत आले.

"मिस्त्री, माझ्या मोटरीचं काय?" मामा म्हणाले.

"थांबा जरा. आज दुसरंच लगीन हाय."

मी म्हणाले, "नाना, याला दिवा नको. हे थेट लावायचं असतं."

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू म्हणाले होते, आज स्वयंपाक न करता थेट जेवू.

"ह्या घरात नवी वस्तू थेट लागत न्हाई."

"पण क्लासमध्ये आम्ही..."

"ते क्लासचं घर. हे माझं."

खरं सांगते, मलाही वाटलं, लावू द्या. मंद पेटेल, कॉम्प्युटर चालू होईल, सगळे टाळ्या वाजवतील. शंभर वॉटच्या दिव्यातून वीज गाळून घेतली, तर कॉम्प्युटरचं काय होईल हे मला कोर्समध्ये कुणी शिकवलं नव्हतं. कुणी शिकवणार? जगात असं दुसरं कुणी करत नसेल.

नानांनी तारा जोडल्या. मी बटणावर बोट ठेवलं, सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली आणि दाबलं.

दिवा भक्कन पेटला. आतला पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. दिवा विझला. मग पुन्हा पेटला, पंख्याने पुन्हा अर्धा फेरा घेतला, पुन्हा थांबला. पेट, विझ. पेट, विझ. मॉनिटर काळा ठिक्कर.

"मिस्त्री," मामा म्हणाले, "ह्याला उचकी लागली."

नानांनी स्विच बंद केला. मी डब्याच्या बाजूचा पत्रा काढला. रॅम काढून पुन्हा बसवली, प्रत्येक वायर ओढून पाहिली, स्क्रूखाली काही अडकलंय का ते पाहिलं. भीती कुणाला दिसू नये म्हणून मी मोठमोठ्याने बोलत होते. "हे बरोबर. हेही बरोबर. हे तर एकदम बरोबर." नाटकात वाक्य विसरलेला नट जसं तेच तेच बोलत राहतो, तसं.

पुन्हा बटण दाबलं. पुन्हा उचकी.

"शॉर्ट हाय, बाई," नाना हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात विजय नव्हता. तो असता, तर मी भांडले तरी असते. "आत कुठंतरी शॉर्ट हाय. दिवा खोटं बोलत न्हाई."

"डी.एड. बरंय बाई," मामा मायेने म्हणाले. "सुट्ट्या बी लई असत्यात."

आईने नुसता नारळ या हातातून त्या हातात घेतला.

मला तेव्हा जे वाटलं ते नीट सांगता येणार नाही. टेबल गेलं, हे तर होतंच. पण त्याहून, माझ्या हातांत खोट निघाली, तीही नानांच्या दिव्यासमोर. वर्षानुवर्षं मी पडद्याच्या फटीतून त्या दिव्याचा निकाल पाहिला होता. तो कधी चुकला नव्हता. आणि आता एकतर मी चुकले होते, नाहीतर तो. माझी बाजू घेणारं माझ्यातसुद्धा कुणी उरलं नव्हतं.

मी खुर्चीत बसले आणि म्हणाले, "अजून एकदा लावा. मला नुसता दिवा बघायचाय."

नानांनी लावला. मी कॉम्प्युटरकडे पाहिलंच नाही. दिव्याकडे पाहत राहिले. पेट, विझ. पेट, विझ.

"नाना," मी म्हणाले, "शॉर्ट असला की दिवा कसा पेटतो?"

"भकभक पेटतो. पेटलेलाच ऱ्हातो."

"मग हा विझतो कशाला?"

नाना खाली वाकले आणि दिव्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन पाहू लागले. त्यांच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत दिवा पेटत विझत होता.

"नाना, मामांची पाच एचपीची मोटार या दिव्यावर लावली, तर फिरेल का?"

"फिरंल कशी? नुसती गुनगुनंल. दिवाच सगळं दाबून धरतो. पन आपन तिला फिरवायला लावत न्हाईच. शॉर्ट बघायला लावतो."

"मग याला तरी का फिरवतोय आपण?"

"हे एवढंसं तर हाय!" नाना म्हणाले. "आत नुसत्या पट्ट्या न् काड्या. मला वाटलं, रेडिओएवढं खात असंल."

"ह्याची भूक मोठी आहे, नाना. हा मॉनिटरचा टीव्हीसुद्धा याच्याच तारेवर जेवतोय. पुरेसा घास मिळत नाही म्हणून बंद पडतंय."

चाचा म्हणाले, "बेटी बराबर बोलतीया, मिस्त्री."

"चाचा, तुमाला त्यातलं काय कळतं?"

"कायबी न्हाई. पन बोलली बराबर."

नाना कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मी म्हणाले, "दिवा काढा ना, नाना. एकदाच." आणि म्हणताक्षणी कळलं, की चुकलं. नानांचा चेहरा मिटला. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते बहुतेक त्या जुन्या काळ्या पत्र्याकडे बघत होते.

"दिवा काढनार न्हाई," ते म्हणाले. "तुझा हात त्या बटनावर असताना तर न्हाईच न्हाई."

तोवर मला वाटत होतं, की नाना माझ्या शिक्षणावर अविश्वास दाखवताहेत. त्या वाक्याने माझी सगळी हवा गेली. ते कॉम्प्युटरला दिवा लावतच नव्हते. मला लावत होते.

आता वडील असं बोलल्यावर मुलीने डोळ्याला पदर लावावा. माझ्या अंगात तो गुण नाही. मला एकदम आगाऊपणा सुचला.

"ठीक आहे. दिवा नाही काढायचा. मोठा दिवा लावू."

"मोठा?"

"मोठा दिवा कमी अडवतो. दिवा दाबून धरतो, हे तुम्हीच मघाशी म्हणालात. जितका मोठा, तितका घास जास्त सोडेल. आणि शॉर्ट असलाच, तर तोही पेटेलच की."

नानांच्या डोळ्यांत पहिल्यांदा काहीतरी हललं. हे त्यांच्या भाषेत होतं. "शंभरच्या वरचा न्हाई माझ्याकडं," ते म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग आमच्या सगळ्यांच्या नजरा मामांच्या पिशवीवर गेल्या, कारण मामांनी ती एकदम पोटाशी धरली होती.

"काय हाय त्यात, मामा?" आई म्हणाली.

"बटाटं."

"बटाट्याला एवढं कोन जपतं?"

मामांनी नाइलाजाने बटाट्यांच्या वरचा एक पुठ्ठ्याचा खोका काढला. कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला घेतलेला दोनशेचा बल्ब. "फुटला तर माझी पिल्लं गारठतील," ते म्हणाले.

"फुटत न्हाई. आना."

दोनशेचा लागला. बटण दाबलं. दिवा पेटला, पण उचकी नाही! पंखा फिरायला लागला. एक फेरा, दोन, चार, सलग. आणि मग आतून आवाज आला, "पीप्!" एकच, छोटा, स्वच्छ. ज्याने आपल्या हातांनी मशीन जोडलंय, त्यालाच कळेल हा आवाज म्हणजे काय असतो. बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला जसं आतून रडणं ऐकू यावं, तसा. मॉनिटरचा पडदा हळूहळू उजळू लागला, काळ्यावरून करड्यावर आला, आणि तेवढ्यात दिवा लखलखला आणि सगळं धप्पकन बंद पडलं.

"आगं!" आई ओरडली.

"गेलं?" मामा म्हणाले. "माझा दिवा गेला?"

नानांनी हात वर केला. "टीव्ही जागा झाला आनि मेलं," ते स्वतःशीच म्हणाले. "जास्त खायला लागलं तसं मेलं. म्हंजी शॉर्ट न्हाई." मग माझ्याकडे वळून, दुसऱ्या मिस्त्रीला विचारावं तसं विचारलं, "किती पायजे?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला असं काही विचारलं होतं. मला आकडा नीट माहीत नव्हता. पण अशा वेळी थांबायचं नसतं. मी ठणकावून म्हणाले, "हजार."

"हजारचा दिवा कुठं असतो, बाई?"

"माझ्याकडं," चाचा म्हणाले, आणि आम्ही वळेपर्यंत ते दाराबाहेर होते.

चाचांचा तो हॅलोजन साऱ्या तालुक्याला माहीत होता. लग्नात तो डोळ्यांसमोर आला, की नवरदेवाचा घाम कपाळावरून थेट हारात उतरे आणि वऱ्हाडातल्या समस्त आत्या डोळे बारीक करून चोरासारख्या दिसत. आजही त्या काळच्या कॅसेटमध्ये कुणी माणूस हसताना दिसत नाही, सगळे उन्हात उभे असल्यासारखे. चाचा तो दांड्यासकट घेऊन आले. "मिस्त्री, ह्यानं आजवर नवरदेवच शिजवलेत," ते म्हणाले. "कॉम्प्युटरची पहिलीच येळ."

नानांनी हॅलोजन स्टुलावर आडवा ठेवला, काच भिंतीकडे केली, तारा सोलल्या, पिळल्या, टेप गुंडाळली. आता त्यांची बोटं वेगळ्याच चालीने चालत होती. त्या बोटांना मी ओळखत होते. गिऱ्हाईक निघून गेल्यावर, एखादी अवघड मोटार सापडली की ती अशी चालत.

"दाब," नाना म्हणाले. आणि ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. अगदी मागे. काही झालं असतं, तर मला ओढून घेता येईल इतक्या जवळ.

मी दाबलं.

हॅलोजनने क्षणभर लाल डोळा उघडला आणि मिटला. पंखा फिरला. पीप् झालं. पडदा काळ्यावरून करड्यावर आला आणि मग त्याच्यावर, वरच्या कोपऱ्यात, पांढरी अक्षरं उमटली. आकडे भराभर चढत गेले, मशीन स्वतःची रॅम मोजत होतं, नथीशेजारची ती पट्टी. खाली आणखी ओळी आल्या. आणि एका ओळीवर येऊन ते थांबलं, नखाएवढी एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली.

आता मी असे कॉम्प्युटर शेकड्यांनी जोडले आहेत. हल्ली त्यांना काचेची खिडकी असते, आत जांभळे निळे दिवे असतात, बटण दाबलं की चार सेकंदांत डोंगराचं चित्र येतं आणि गिऱ्हाईक तोवर मोबाईलमध्ये बघत असतं. मी मात्र अजूनही बटण दाबताना श्वास रोखून धरते. त्या काळ्या पडद्यावरच्या चार पांढऱ्या ओळींइतकं देखणं चित्र मी पुन्हा पाहिलेलं नाही. आणि पाठीमागे उभं राहणारंही आता कुणी नाही.

"थांबलं का?" मामा म्हणाले. "काय म्हनतंय?"

"म्हणतंय, माझं सगळं ठीक आहे, पण माझ्या पोटात काही नाही. काहीतरी घाला." डिस्क कोरी होती, अजून त्यात काही भरायचं होतं, ते मला एवढंच सोपं करून सांगता आलं.

"मग घाल की बाई!" आई कळवळून म्हणाली. "सकाळधरनं उपाशी ठिवलंय त्याला." आणि दारात जाऊन तिने नारळ असा फोडला, की रस्त्यावरची म्हैस थबकली.

चाचांनी विचारलं, "बेटी, बदाम कधी फिरतील?" मी म्हणाले, आठ दिवसांत. खोटं होतं. मला बदाम फिरवता यायला पुढे सहा महिने लागले.

पण मामा हे हिशेबी गृहस्थ. आपला दोनशेचा बल्ब पुन्हा बटाट्यांवर नीट ठेवत ते म्हणाले, "मिस्त्री, तुमी पोरीला म्हनला हुता, पहिल्या झटक्यात. मी त्या दिशी दुकानात बसलेलो, ऐकलंय. हा कितवा झटका झाला?"

मीही मनात मोजलं होतं आणि मोजणं आवडलं नव्हतं. नानांच्या शब्दाला नाना फार जपत. आई दारातूनच वळून पाहत होती, हातात फुटलेल्या नारळाच्या दोन वाट्या.

नाना पडद्यावरच्या त्या लुकलुकत्या रेघेकडे बघत होते. मग म्हणाले, "ह्योच पहिला."

"असं कसं? मी मोजलेत."

"त्याच्या आदी मी त्याचा गळा धरला हुता, मामा. गळा धरल्यावर कोन बोलतंय?" आणि थोडं थांबून, मामांकडे न बघता, "चूक माझी. मशीन पोरीचं बराबर हुतं."

एवढं बोलून ते वळले, पडदा सरकवून दुकानात गेले. मी मागे गेले. त्यांनी शटरजवळच्या टेबलावरून मामांची मोटार उचलली, एकट्याने, दात आवळून, आणि खाली फरशीवर ठेवली. मग टेपची रिळं, वार्निशचा ब्रश, तारेच्या टाचणीएवढ्या तुकड्यांनी भरलेली बशी, सगळं एकेक करून खाली गेलं. शेवटी त्यांनी खांद्यावरचा गमछा काढून टेबल पुसलं.

"माझी मोटर भुईवर?" मामा म्हणाले.

"तुमची मोटर झालीया, घिऊन जा. टेबल बाईचं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी त्या टेबलामागे बसले. मल्टिमीटर, दोन स्क्रू ड्रायव्हर, एक पेन, एक वही. नाना आतल्या बाजूला जमिनीवर बसून कॉइल गुंडाळत होते. साडेनऊच्या सुमाराला शाळेतल्या एक बाई कापडी पिशवीत मिक्सर घेऊन आल्या, मला ओलांडून आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री आहेत का?"

नानांनी मान वर केली नाही. "तुमच्या म्होरंच बसल्यात की," ते म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पाठ ताठ केली, मिक्सर ओढून घेतला, त्याचं तोंड उलटंसुलटं करून पाहिलं आणि ज्या वाक्याची मी लहानपणापासून तालीम केली होती, ते म्हणायला तोंड उघडलं. आणि काय झालं कोण जाणे, भलतंच बाहेर आलं.

"बसा ना," मी म्हणाले, "आत्ताच देते."

आतून नानांचा खाकरण्याचा आवाज आला. तो मिक्सर उघडायचा कुठून, हे मला तासभर सापडलं नाही.